नाव विसरले तरी पान ओळखता येते



सुक्कोथ झाला की बाजारात नारिंगी अफर्सेमोन दिसू लागते. पण जुन्या ग्रंथांतले अफर्सेमोन म्हणजे हे फळ नव्हे. ते एन गेदीकडचे सुगंधी बाल्समचे झाड. आपण खातो ते फळ पूर्व आशियातले. जपानी लोक त्याला काकी म्हणतात. नाव एक, झाडे दोन! म्हणून वनस्पतिशास्त्रात नावावर न थांबता आकार पाहतात. स्वीडनच्या लिनियसने 1751 साली अशा संज्ञा व्याख्यांसह पुस्तकात मांडल्या. मराठीतही त्यांना सोपे शब्द आहेत.

आधी पानाचा एकूण आकार पाहावा. आंब्याचे पान लांब व टोकाकडे निमुळते, म्हणून भालाकृती. विड्याचे व गुळवेलीचे हृदयाकृती. जास्वंदीचे बुडाशी रुंद, वर निमुळते, म्हणून अंडाकृती. गवताचे रेषाकृती. अळूचा देठ पानाच्या कडेला नसून मागून, थोडा आत जोडलेला असतो, छत्रीच्या दांडीसारखा, ते छत्राकृती.

मग कडा पाहावी. आंब्याची कडा सरळ, म्हणजे अखंड. जास्वंदीची करवतीसारखी, म्हणजे दंतुर. शेवटी टोक पाहावे. पिंपळाच्या पानाला शेपटीसारखे लांब टोक असते.

एकच पान पाहून मात्र निर्णय देऊ नये. कोकणात आपल्या वाडवडिलांनी घाणे चालवले, ‘शनवार तेली’ हे नाव मिळवले. त्यांच्या ओळखीचा तीळ पाहा. त्याची खालची पाने रुंद, पुष्कळदा खंड पडलेली व दातेरी. वरची अरुंद, भालाकृती. झाड एकच!

ही पाहण्याची रीत आपल्याला परकी नाही. लुलावसोबत अरावा घ्यायची, तर तिची खूण तलमूदमध्ये सुक्काच्या प्रकरणात दिली आहे: काडी लालसर, पान लांबट, कडा गुळगुळीत. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या, पण न चालणाऱ्या झाडाची काडी पांढरट, पान गोल व कडा विळ्यासारखी दातेरी. हदासची खूण म्हणजे एकाच पेरातून निघणारी तीन पाने. याला वनस्पतिशास्त्रात मंडलाकार मांडणी म्हणतात. लिनियसच्या हजार वर्षांहून आधी आपल्या गुरूंनी आकार, कडा आणि मांडणी पाहूनच निवाडा केला होता.

आता काकीकडे वळू. जपानमधील कावासाकी शहर कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण त्याच्या आसाओ भागात ओझेन्जी नावाचे देऊळ आहे. झेन्जिमारू जातीची काकी 1214 साली तेथे सापडली, असे परंपरा सांगते. जपानमधील सर्वांत जुनी गोड काकी म्हणून ती ओळखली जाते. जवळच्या काकिओ गावाचे नावही काकीवरूनच पडले. हे फळ लहान व गोल. आत बिया धरल्या की गर गोड होतो व त्यात तपकिरी ठिपके दिसतात. इस्राएलमध्ये पिकणारी ट्रायम्फ जात मात्र चपटी व किंचित चौकोनी. जात वेगळी, पण झाडाची ठेवण तीच: पाने एकाआड एक, अंडाकृती ते लंबगोल, कडा अखंड. फळाच्या देठाशी चार खंडांची टोपी कायम राहते. तिला संवर्त म्हणतात. अफर्सेमोन हाती आले की ती टोपी जरूर मोजून पाहा. विडीची पाने देणारी आपली टेंभुर्णी याच काकीची सख्खी बहीण, हे कळल्यावर परके फळही घरचे वाटते.

वय झाले की झाडाचे नाव ओठांवर येऊन अडते. तेव्हा “पान हृदयासारखे, कडा सरळ, देठ लांब” एवढे सांगितले, तर ऐकणारा झाड ओळखू शकतो. आपल्या नातवंडांना मराठी नावे येत नाहीत. आकार मात्र कोणत्याही भाषेत समजतो. म्हणून गावच्या परसातली जी झाडे आठवतात, त्यांचे नाव, पानाचा आकार, कडा व टोक वहीत लिहून ठेवा, आणि शेजारी एक पान काढून ठेवा. आपण गेल्यावर ते नाव कोणत्या झाडाचे, हे सांगणारे मग तेच चित्र उरेल.