पाण्याखालचा श्वास

विहिरीच्या काठावरून सूर मारून तळाशी जाणारा आणि खूण म्हणून तेथील मूठभर माती वर घेऊन येणारा पट्टीचा पोहणारा तुम्ही पाहिला असेल. पाण्याखाली असेपर्यंत तो श्वास रोखून असतो. छातीत दम जितका अधिक, तितका वेळ त्याला खाली राहता येते. समुद्राच्या तळाचे मोती काढणारे पाणबुडे शतकानुशतके याच विद्येवर जगत आले. बुडी मारावयाची म्हणजे श्वास रोखावयाचा, असे जणू ठरूनच गेले होते.

परंतु समुद्रात बुडी मारण्याची जी नवी विद्या आज शिकविली जाते, तिचा पहिला नियम नेमका याच्या उलट आहे. ‘पाण्याखाली श्वास कधीही रोखू नका,’ असे शिक्षक पहिल्याच दिवशी बजावतात. हा नियम मोडला, तर जिवावर बेतू शकते. असे का व्हावे?

या विद्येस ‘स्कूबा डायव्हिंग’ म्हणतात. ‘स्कूबा’ हा शब्द पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला आहे. पाण्याखाली श्वास घेण्याचे, स्वतःबरोबर नेता येणारे स्वयंपूर्ण साधन, असा त्याचा अर्थ. शिरस्त्राण घालून खोल उतरणाऱ्या पूर्वीच्या पाणबुड्यास नावेतून लांब नळीने हवा पुरवावी लागे. नळी पोहोचेल तेथवरच त्याचा संचार. इ. स. १९४३ मध्ये फ्रान्समधील नौदल अधिकारी जाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी एक झडप सिद्ध केली आणि पाणबुडा या नळीच्या बंधनातून मोकळा झाला. महायुद्धात पेट्रोलची टंचाई असता मोटारी वायूवर चालविण्यासाठी गान्यां याने एक झडप बनविली होती. तिच्यातच त्यांनी फेरफार केला.

पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीत हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे २०० पट दाबाने हवा भरलेली असते. हा केवळ प्राणवायू असतो, अशी पुष्कळांची समजूत आहे; पण ती चुकीची आहे. निव्वळ प्राणवायू सुमारे ६ मीटरांपेक्षा अधिक खोलीवर घातक ठरतो. टाकीत असते ती आपली नेहमीची हवा. पाणबुड्याने श्वास घेतला, की झडप उघडते आणि सभोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब असेल, तेवढ्याच दाबाची हवा त्याला देते. आपल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे.

वायूवरील दाब दुप्पट केला, की त्याचे आकारमान निम्मे होते, हा नियम रॉबर्ट बॉइल याने १६६२ मध्ये मांडला. समुद्रात १० मीटर खाली गेले, की दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो. २० मीटरांवर तिप्पट, ३० मीटरांवर चौपट. समजा, श्वास रोखून उतरणाऱ्या पाणबुड्याच्या छातीत ४ लिटर हवा आहे. १० मीटरांवर ती २ लिटर होईल आणि तो वर आला, की पुन्हा ४ लिटर. फुप्फुसांवर ताण पडावयाचे कारण नाही. आता टाकीतील हवा घेणाऱ्याचे पाहा. त्याने १० मीटरांवर ४ लिटर हवा छातीत घेतली आणि श्वास रोखून तो वर निघाला. पृष्ठभागाशी येता येता ती हवा ८ लिटर होऊ पाहील. एवढी हवा मावणार कोठे? फुप्फुसे फाटतील आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरतील. छाती भरलेली असता केवळ एकदोन मीटर वर येण्यानेही अशी इजा होऊ शकते. श्वास चालू असला, तर मात्र जास्तीची हवा आपोआप बाहेर पडते.

नियम समजावयास सोपा आहे. अवघड आहे ते त्याचे पालन. घाबरलेला मनुष्य स्वभावतःच श्वास कोंडतो आणि पृष्ठभागाकडे धाव घेतो. पाण्याखाली या दोन्ही गोष्टी घातक होत. म्हणून प्रारंभिक शिक्षणाचा बराचसा भाग ही भीती जिंकण्यात जातो. प्रथम पोहण्याच्या तलावात किंवा उथळ, शांत पाण्यात सराव होतो. डोळ्यांवरील मुखवट्यात मुद्दाम पाणी घ्यावयाचे आणि नाकाने हवा सोडून ते बाहेर काढावयाचे. तोंडातील नळी काढून टाकावयाची, हळूहळू हवेचे बुडबुडे सोडीत राहावयाचे आणि ती नळी शोधून पुन्हा तोंडात धरावयाची. कान दुखण्यापूर्वीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारावयाची, म्हणजे कानांतील दाब सारखा होतो. पाण्याखाली बोलता येत नाही; म्हणून खुणांची भाषाही शिकावी लागते. तेथे अंगठा वर केला, तर ‘छान’ असा अर्थ होत नाही. ‘वर चला’ असा होतो!

वर येण्याचेही शास्त्र आहे. दाबामुळे हवेतील नत्रवायू रक्तात विरघळतो आणि घाईने वर आल्यास सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. जॉन हॉल्डेन या शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून सावकाश वर येण्याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. आजचा पाणबुड्या मिनिटास सुमारे ९ मीटर या बेताने वर येतो आणि पृष्ठभागाखाली ५ मीटरांवर तीन मिनिटे थांबतो.

अमेरिकेत १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘पॅडी’ या संस्थेचे प्राथमिक प्रमाणपत्र जगभर मानले जाते. त्यासाठी प्रकृती निकोप असावी लागते, २०० मीटर पोहून दाखवावे लागते आणि दहा मिनिटे तरंगावे लागते. लेखी परीक्षा आणि समुद्रातील चार बुड्या पार पडल्या, म्हणजे १८ मीटरांपर्यंत उतरण्याची पात्रता येते. दहा वर्षांचे मूलही हे शिक्षण घेऊ शकते; मात्र पंधरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांच्या सोबतीवाचून उतरता येत नाही.

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या समुद्रात शिक्षकाचा हात धरून घटकाभर प्रवाळ आणि मासे पाहून येणारे प्रवासी पुष्कळ असतात. तो आनंद खराच. परंतु त्या वेळी त्यांचा सर्व भार शिक्षकावर असतो. प्रमाणपत्र मिळविणाऱ्याला स्वतःचा भार स्वतः वाहावा लागतो आणि सोबत्याचीही काळजी घ्यावी लागते. पाण्यात एकट्याने जावयाचे नाही, उतरण्यापूर्वी एकमेकांची साधने तपासावयाची आणि सोबत्याची हवा संपली, तर आपली त्याला द्यावयाची, हे त्याला शिकविलेले असते. म्हणून ते प्रमाणपत्र म्हणजे शौर्याचे पदक नव्हे. या मनुष्याच्या भरवशावर दुसऱ्याने पाण्यात उतरावे, अशी ती ग्वाही आहे.

जुन्या पाणबुड्यास दम कोंडावा लागे. नव्या पाणबुड्यास दम धरावा लागतो. संकट आले असता श्वास चालू ठेवावा, क्षणभर थांबावे, विचार करावा आणि मगच हालचाल करावी, हा धडा समुद्र शिकवितो. जमिनीवर राहणाऱ्यांनीही तो गिरवावा, एवढ्या मोलाचा तो आहे.