ट्रॅक्टरला करंजाचं तेल?

म्हैसूरपासून शे-सव्वाशे किलोमीटरवर, हासनजवळ मडेनूरला कृषी विद्यापीठाचं जैवइंधन उद्यान आहे. तिथे करंजाच्या बियांपासून बायोडिझेल करतात. मग घाण्याचं तेलच टाकीत ओतलं तर? नको. ते डिझेलपेक्षा कितीतरी दाट. इंजेक्टरवर काजळी धरते. त्यात मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळलं, की ग्लिसरीन तळाशी बसतं, वर पातळ बायोडिझेल उरतं. डिझेलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलं तर बहुतेक इंजिनं कुरकुरत नाहीत. वॉरंटी मात्र आधी वाचा. जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ बायोडिझेल सोडवतं, फिल्टर तुंबतो आणि शिव्या बिचाऱ्या बायोडिझेलला! सुरुवातीला फिल्टर लवकर बदला, रबरी नळ्या तपासा. पेरणीनंतर ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभाच राहणार असेल, तर साधं डिझेल भरा. बायोडिझेल ओलावा धरतं.