लिनक्सची आतली बाजू : पेन ड्राइव्ह काढण्याचा हक्क कोणाचा?

पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी झाली, पडद्यावरची पट्टी शंभर टक्क्यांवर पोचली, तरी फाइल ड्राइव्हवर उतरलेली असेलच असे नाही. लिनक्सचा कर्नेल लिहायचा मजकूर आधी मेमरीत ठेवतो आणि मागाहून सवडीने ड्राइव्हवर उतरवतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये मजकूर 30 सेकंद तसाच थांबू शकतो. ड्राइव्ह संथ असेल तर लिहून पूर्ण व्हायला आणखी वेळ लागतो. अनमाउंट म्हटल्यावर मात्र कर्नेल उरलेले सगळे लिहून टाकतो आणि मगच ड्राइव्ह सोडतो. या पायरीला पासवर्ड मागितला, तर घाईतला माणूस ड्राइव्ह सरळ ओढून काढणार. त्यामुळे जोडण्यापेक्षा काढण्याची परवानगी जास्त मोलाची आहे.

तरीही युनिक्सने ही दोन्ही कामे रूट या सर्वाधिकारी खात्याकडेच ठेवली, आणि त्याला सबळ कारण होते. 1970च्या दशकात डिस्क ही सामायिक यंत्राचा भाग असे. एकाने ती अनमाउंट केली, तर इतरांच्या फाइली जागेवरून नाहीशा. शिवाय बाहेरून आणलेल्या डिस्कवर रूटच्या मालकीचा सेटयूआयडी प्रोग्राम, म्हणजे कोणीही चालवला तरी मालकाच्या अधिकाराने चालणारा, लपवलेला असू शकतो. यंत्राने त्यावर विश्वास ठेवला, की आणणारा क्षणात रूट होतो.

यावर लिनक्सने काढलेला जुना तोडगा एफएसटॅब या फाइलमध्ये आहे. बहुतेक लिनक्स यंत्रांवर यूमाउंट आज्ञेच्या परवानग्या पाहिल्या, तर मालकाच्या रकान्यात ‘एक्स’च्या जागी ‘एस’ दिसतो. म्हणजे ती कोणीही चालवली, तरी रूटच्या अधिकाराने चालते. मग कोणाला होकार द्यायचा, हे ती एफएसटॅबमध्ये बघून ठरवते. ड्राइव्हच्या ओळीत ‘यूजर’ लिहिले असेल, तर कोणीही जोडू शकतो, पण काढू शकतो तो फक्त जोडणारा किंवा रूट. ‘यूजर्स’ लिहिले, तर कोणीही काढू शकतो. कॉलेजच्या लॅबमध्ये या एका अक्षराने फार फरक पडतो: पहिला विद्यार्थी ड्राइव्ह जोडून निघून गेला, तर ‘यूजर’च्या नियमाने दुसऱ्याला तो नीट काढताच येत नाही. दोन्ही पर्यायांसोबत नोएक्झेक, नोसूइड आणि नोडेव्ह ही बंधने आपोआप लागतात, त्यामुळे लपवलेल्या सेटयूआयडी प्रोग्रामचे काही चालत नाही.

पण रोज नवा पेन ड्राइव्ह येतो; प्रत्येकासाठी ओळ कोण लिहिणार? म्हणून आजच्या डेस्कटॉपवर हे काम यूडिस्क्स ही सेवा करते आणि परवानगीचा निर्णय पोलकिट देते. यंत्रासमोर बसून लॉगिन केलेल्याला बाहेरचा ड्राइव्ह पासवर्डविना जोडता येतो. तो कोणी जोडला याची नोंद यूडिस्क्स ठेवते, म्हणून जोडणाऱ्यालाच तो पासवर्डविना काढता येतो. दुसऱ्याने जोडलेला ड्राइव्ह काढायला गेल्यास अॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो. दुरून एसएसएचने आलेल्याला तर जोडतानाही तो द्यावा लागतो. समोर बसलेला आणि दूरचा यांत केलेला हा भेद या साऱ्या रचनेतली सर्वांत शहाणी गोष्ट आहे.

इतरांनी वेगळ्या वाटा धरल्या. फ्रीबीएसडीमध्ये व्हीएफएस-यूजरमाउंट हे सेटिंग 1 केले की सामान्य वापरकर्त्याला माउंट करता येते, मात्र माउंटची डिरेक्टरी त्याच्या मालकीची हवी. ओपनबीएसडीने 2016च्या 6.0 आवृत्तीत अशी सोय काढूनच टाकली.

सामान्य वापरकर्त्याला माउंट करू देण्याची धास्ती अनाठायी नव्हती. जून 2025मध्ये क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी यूडिस्क्सच्या खालच्या लिबब्लॉकडेव्ह लायब्ररीतली त्रुटी उघड केली. एक्सएफएस फाइलप्रणालीचा आकार बदलताना ही लायब्ररी ती तात्पुरती माउंट करत असे, तेही नोसूइड आणि नोडेव्हशिवाय. समोर बसलेला वापरकर्ता त्यातून रूट होऊ शकत होता.

लॅब किंवा ऑफिसची यंत्रे सांभाळणाऱ्यांनी म्हणूनच अपडेट लांबवू नयेत, आणि सुडोमधून यूमाउंट सरसकट सगळ्यांना देऊ नये. त्याने कोणीही कोणतीही डिस्क काढू शकतो. ‘टार्गेट इज बिझी’ असा संदेश आला, तर फ्यूजर किंवा एलएसओएफ चालवून फाइल कोणी उघडी ठेवली आहे ते पाहावे. बहुतेक वेळा एखादे टर्मिनलच त्या डिरेक्टरीत उभे असते. ‘लेझी’ अनमाउंटने संदेश नाहीसा होतो, पण लिहिणे संपल्याची खात्री मिळत नाही. पेन ड्राइव्हसाठी तो वापरू नये.