बांध, वाट आणि राखण

शेतात परका माणूस दिसला की मालकाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘चोर’. निफाड-दिंडोरीकडील द्राक्षमळ्यांत हा शब्द फार लवकर निघतो, आणि पुष्कळदा तो पेठ-सुरगाण्याकडून हंगामापुरत्या कामाला आलेल्या मजुरावर जाऊन पडतो. मालकाची चिंता खोटी आहे असे मी म्हणत नाही. रात्रीतून कोणी कोयत्याने वेलींची खोडे कापून गेला, तर नवी लागवड फळाला येईपर्यंत दीड-दोन वर्षे जातात. सोसायटीचा हप्ता तोवर थांबत नाही. परंतु संताप खरा असला म्हणून संशय खरा ठरत नाही.

मी वकील नव्हे. कामगारांच्या तंट्याबखेड्यांत कायद्याची पुस्तके चाळावी लागली, तीच माझी शाळा. २०२४ च्या जुलैपासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३२९ व्या कलमाप्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीत नुसते पाऊल पडले एवढ्याने फौजदारी गुन्हा होत नाही. शिरणाऱ्याचा हेतू गुन्हा करण्याचा, किंवा कब्जेदाराला धमकावण्याचा, अपमानित करण्याचा वा त्रास देण्याचा असावा लागतो. पाणवठ्याची जवळची वाट धरणारी बाई या व्याख्येत कशी बसणार?

वाटेचा तंटा असेल तर त्याचे ठिकाण तहसील कचेरी. बांधावरून जाण्याचा हक्क जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाखाली ठरतो. चालू वहिवाट कोणी अडविली, किंवा कोणी बेकायदा कब्जा घेतला, तर १९०६ चा मामलेदार न्यायालयाचा कायदा आहे. मात्र दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. (देवमामलेदारांच्या पटांगणात बसून मामलेदाराची वाट दाखवितो आहे, हा योग चांगला!) पुष्कळ लोक हे सहा महिने शिवीगाळीत घालवितात.

नासधुशीची गोष्ट निराळी. तेथे कलम ३२४, आणि शिक्षा नुकसानीच्या रकमेवर चढत जाते: वीस हजारांपासून लाखाच्या आतपर्यंत दोन वर्षांपर्यंत कैद, लाख आणि त्यावर पाच वर्षांपर्यंत. म्हणून कापलेल्या वेली लगेच उचलून बांधावर टाकू नयेत. पोलीस पाटलाला कळवावे, फिर्याद द्यावी, पंचनाम्यात वेलींची संख्या, वय आणि लागलेला माल लिहून घ्यावा. ‘बागेचे नुकसान झाले’ एवढ्या एका ओळीतून रक्कम निघत नाही. गुरांनी पीक खाल्ले तर १८७१ चा जुना कायदा आहेच: गुरे धरावी आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात धाडावी. गुराख्याला बडविण्याची परवानगी त्यात कोठेही नाही.

आता तारेविषयी. रानडुकरासाठी म्हणून कोणी कुंपणात थेट विजेच्या खांबावरचा प्रवाह सोडतो. बिहारमधील एक खटला पाहा. एका गृहस्थाच्या शौचकुपात शेजारचे लोक शिरू लागले, म्हणून त्याने तेथे वीज सोडलेली उघडी तांब्याची तार लावली. एक शेजारीण तिला चिकटून मेली. ती विनापरवाना शिरली होती, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली मानला नाही. शिक्षा कायम राहिली. हे प्रकरण घरगुती असले तरी मळ्याच्या तारेला तेच लागू पडते. ठराविक अंतराने क्षणभर झटका देणारे यंत्र वेगळे, थेट जोडणी वेगळी. दोन्हींना बोलीत ‘करंट’ म्हणतात, तेथेच घात होतो.

स्वतःच्या मालमत्तेच्या बचावाचा हक्क कायदा देतो, पण गरजेपुरताच. पकडलेल्या माणसाला झाडाला बांधून मारणे हा बचाव नव्हे. कोणी चोरी करताना सापडला आणि त्याला धरलेच, तर विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली केला पाहिजे.

शेवटी राखणदार. त्याच्या हाती काठी आणि बॅटरी देऊन मालक घरी निजतो. रात्री काय करायचे हे त्याला कोणी सांगत नाही, आणि हाणामारी झाली तर आरोपी तो होतो. माझे मागणे थोडे आहे. रात्रीच्या राखणीला दोघे असावे, त्यांची हजेरी लिहिली जावी, शिटी आणि पोलीस पाटलाचा नंबर त्यांच्याजवळ असावा, आणि ओरडण्यापलीकडे हात उचलू नये असे त्यांना स्पष्ट सांगावे. मळ्याच्या तोंडाशी पाटी लावायचीच असेल, तर ‘आत येऊ नये’ याच्या खाली वाट कोणत्या बाजूने आहे तेही लिहावे.