प्रयोगशाळेतील संशोधक कारखान्याच्या दारात

विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि पोस्टडॉक्टरल संशोधकांना उद्योगसल्ल्याचा अनुभव का हवा? पुण्यातील संशोधकांसाठी त्याची जवळची शाळा दौंड आणि शिरूर तालुक्यांत आहे.

प्रतिनिधी, पुणे

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाल्यास सुमारे ८० किलोमीटरवर दौंड तालुक्यातील कुरकुंभची औद्योगिक वसाहत लागते. अहिल्यानगरच्या रस्त्याने गेल्यास शिरूर तालुक्यातील रांजणगावची वसाहत ५० किलोमीटरवर. पहिली मुख्यतः रसायने आणि औषधांची, दुसरी मोटारी, घरगुती उपकरणे व इलेक्ट्रॉनिक्सची. इकडे पुण्यात पाषाण रस्त्यावर १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि तिच्या शेजारी २००६ साली स्थापन झालेली ‘आयसर’ या संस्था उभ्या आहेत. तेथे शेकडो तरुण संशोधक रेणूंची रचना, उत्प्रेरक आणि प्रथिने यांवर काम करतात. मात्र तेथून डॉक्टरेट घेऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी अनेकांनी कारखान्याचा ताळेबंद कधी वाचलेला नसतो.

एरवी याचे काही वाटले नसते. पण हिशेब आता बदलला आहे. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती दरमहा ३७ हजार, तर वरिष्ठ छात्रवृत्ती ४२ हजार रुपये झाली. पीएच.डी.नंतर रिसर्च असोसिएट म्हणून ५८ ते ६७ हजार मिळतात. ही रक्कम मुदतीची असते. छात्रवृत्तीची पाच वर्षे संपतात, मग एखाद-दुसरे पोस्टडॉक, आणि तिशी ओलांडलेला संशोधक प्राध्यापकाच्या जागेची जाहिरात पाहत बसतो. जागा मोजक्या आणि अर्जदार अनेक. उद्योगाकडे वळावे तर मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो, ‘यातून आम्हाला काय मिळेल?’ शोधनिबंधांची यादी या प्रश्नाचे उत्तर देत नाही.

सल्लागारीचा जनक रसायनज्ञ

व्यवस्थापन सल्लागारी हा एमबीए झालेल्यांचा प्रांत, अशी आपल्याकडे समजूत आहे. इतिहास वेगळे सांगतो. जगातील सर्वांत जुन्या सल्लागार कंपन्यांपैकी एक, ‘आर्थर डी. लिटल’, हिची सुरुवात १८८६ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात दोन रसायनज्ञांनी केली. कागद कारखान्यांना रासायनिक सल्ला देणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. डुकराच्या कानापासून रेशमी बटवा होत नाही, अशी इंग्रजीत म्हण आहे. लिटल यांनी १९२१ मध्ये तसा बटवा खरोखरच करून दाखवला. (तो कोणी विकत घेतला असता का, हा सल्लागाराचा प्रश्न!)

आपल्याकडेही ही परंपरा अपरिचित नाही. मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, प्रा. मनमोहन शर्मा यांच्या पिढीने उद्योगांना सल्ला देणे हा अध्यापनाचाच भाग मानला. कारखान्यातून आलेली अडचण विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा विषय होई. एनसीएलमध्ये डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक आणि पुढे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या संचालकपदाच्या काळात उद्योगांशी नाते घट्ट झाले. अर्थात सल्ला गुरू देत. शिष्य प्रयोग करी; व्यवहाराच्या बोलणीत त्याला खुर्ची नसे.

अमेरिकेत आता शिष्यांनीच ही खुर्ची ओढून घेतली आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात २०१० साली ‘बाल्सा’ हा गट सुरू झाला. विज्ञानाचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि पोस्टडॉक चार-पाच जणांची तुकडी करून नवउद्योगांना काही आठवड्यांत बाजारपेठेचा वा तंत्रज्ञानाचा अहवाल देतात. मॅकिन्झी, बीसीजी यांसारख्या कंपन्याही विज्ञानातील डॉक्टरेटधारकांना नोकरीवर घेतात. पण ज्याला अशी नोकरी नकोच आहे, त्यालाही या अनुभवाचा उपयोग आहे.

उतारा आणि उत्तर

उदाहरण रसायनाचेच घेऊ. संशोधकाने एखाद्या अभिक्रियेचा उतारा ८० वरून ८८ टक्क्यांवर नेला, तर प्रयोगशाळेत पेढे वाटले जातात. कारखान्याचा व्यवस्थापक विचारील: नवा विद्रावक किती महाग? तो परत मिळवता येतो का? सांडपाणी वाढेल की घटेल? उत्प्रेरक किती फेऱ्या टिकेल? त्यातच अर्ध्या लिटरच्या चंबूत सहज निघून जाणारी उष्णता पाच हजार लिटरच्या पात्रात निघत नाही, कारण आकारमान वाढते त्या प्रमाणात पृष्ठभाग वाढत नाही. प्रयोगशाळेत क्षुल्लक वाटणारी ही बाब कारखान्यात जिवावर बेतू शकते.

उलट, प्रक्रिया नीट बसली की विज्ञान हेच भांडवल होते. कुरकुंभला कारखाने असलेल्या पुण्याच्या ‘क्लीन सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ या कंपनीने स्वतः विकसित केलेल्या, उत्प्रेरकांवर आधारित प्रक्रियांच्या बळावर व्यवसाय वाढवला आणि जुलै २०२१ मध्ये ती शेअर बाजारात उतरली. याच वसाहतीतील एका कारखान्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी छापा घालून मेफेड्रोन या अमली पदार्थाचा प्रचंड साठा जप्त केला होता, हेही विसरता येणार नाही. आपला सल्ला कोण मागतो आहे आणि कशासाठी, याची चौकशी हा सल्लागारीचा पहिला धडा आहे.

गुऱ्हाळाचा धडा

कुरकुंभच्या कंपन्यांकडे आपापले तज्ज्ञ असतात. सल्ल्याची खरी गरज आहे ती तज्ज्ञ परवडत नाही अशांना, आणि दौंड तालुक्यात त्यांची पहिली ओळ गुऱ्हाळांची. एक टन उसापासून साधारण १०० ते १२० किलो गूळ होतो. चरकातून निघालेले चिपाड वाळवून काहिलीखालच्या चुलाणात जाळले जाते. संशोधक विद्यार्थी तेथे तापमापक घेऊन गेला, तर बरीच उष्णता धुराड्यावाटे वाया जाते, हे त्याला पहिल्याच दिवशी कळेल. सुधारित चुलाण बांधावे, जळण वाचेल, हा त्याचा निष्कर्षही शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक असेल.

आता हिशेब मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी. समजा चुलाणाला दीड लाख रुपये खर्च आला आणि रोज एक हजार रुपयांचे चिपाड वाचले. गुऱ्हाळ १५० दिवस चालले तर एका हंगामात पैसे वसूल. पण वाचलेल्या चिपाडापैकी ४० टक्क्यांना गिऱ्हाईकच मिळाले नाही, तर रोजची बचत ६०० रुपये आणि वसुलीला २५० दिवस. जेथे जळण कमी पडून बाहेरून विकत आणावे लागते, तेथे मात्र वाचलेला प्रत्येक भारा म्हणजे रोख पैसा. शिवाय गुऱ्हाळ मालक स्वतः चालवतो की भाड्याने दिले आहे? एका वर्षाच्या करारावर चालवणारा भाडेकरू दुसऱ्याच्या जागेत दीड लाख घालणार नाही, आणि जळणाचा खर्च भाडेकरूच्या खिशातून जात असल्याने मालकाला घाई नाही. उष्मागतिकीच्या कोणत्याही पुस्तकात नसलेली ही अडचणच निर्णायक ठरते.

प्रश्न निव्वळ पैशांचाही नाही. तालुक्यातील काही गुऱ्हाळांत जळण म्हणून प्लास्टिकचा कचरा जाळला जात असल्याच्या तक्रारी अनेकदा झाल्या आहेत. तो धूर गावाच्या छातीत जातो. बंदीचा फलक लावून हे थांबणे अवघड, कारण कचरा चिपाडापेक्षा स्वस्त पडतो. स्वतःच्या चिपाडावर भागणारे चुलाण कोणत्या अटींवर परवडेल, हे कोणीतरी गुळव्याजवळ, मालकाजवळ आणि व्यापाऱ्याजवळ बसून काढले पाहिजे. मोजमापाची शिस्त अंगी मुरलेला विद्यार्थी हे काम उत्तम करील, फक्त त्याने आधी ऐकायला शिकले पाहिजे.

शिरूरकडचे चित्र थोडे वेगळे आहे. रांजणगावच्या मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कार्यशाळांत पावडर कोटिंग सोलवटणे यासारख्या तक्रारी येतात. पृष्ठविज्ञान शिकलेल्याला रंगाआधीची धुलाई व फॉस्फेटिंग तपासावे हे सुचेल. परत आलेल्या मालाचा महिन्याचा खर्च किती, हे त्याने मालकाला विचारायला हवे.

वाट कोणती?

सोय अगदीच नाही असे नाही. एनसीएलच्या आवारात २००७ पासून ‘व्हेंचर सेंटर’ हे विज्ञानाधारित नवउद्योगांचे उबवणी केंद्र आहे. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांतील पीएच.डी. विद्यार्थी ज्या ‘एसीएसआयआर’ अकादमीकडे नोंदलेले असतात, तिच्या अभ्यासक्रमात ‘सीएसआयआर-८००’ हा सहा ते आठ आठवड्यांचा ग्रामीण प्रकल्प आहे. तो अनेकदा गुणपत्रिकेतील एक रकाना म्हणून उरकला जातो, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. त्याच आठवड्यांत तीन जणांची तुकडी एका गुऱ्हाळाचा वा कार्यशाळेचा प्रश्न घेऊन बसली आणि शेवटी मालकाला मराठीत चार पानांचा अहवाल दिला, तर वेगळा निधीही लागणार नाही.

नियमांचे भान मात्र हवे. छात्रवृत्ती घेणाऱ्याला परस्पर पैसे घेऊन सल्ला देता येत नाही. मार्गदर्शकाची परवानगी आणि संस्थेमार्फत करार आवश्यक. कारखान्याची माहिती गुप्त ठेवण्याचा करार करण्यापूर्वी आपल्या प्रबंधातील कोणता भाग त्यात अडकेल, हे पाहावे. पेटंट घ्यायचे असल्यास अर्ज दाखल होण्याआधी कल्पना उघड करू नये. संशोधकांची गफलत बहुधा येथेच होते, कारण बोलणे आणि छापणे हाच त्यांचा धर्म.

वेळापत्रकाचेही एक पथ्य आहे. चिपाड वाळायला ऊन लागते, त्यामुळे पावसाळ्यात जळणाची मोजणी करून उपयोग नाही. ज्यांना गुऱ्हाळाचा प्रकल्प घ्यायचा आहे, त्यांनी मार्गदर्शकांची परवानगी दिवाळीपूर्वीच मागून ठेवावी.