आखूड तार, खोल सूर

चाळीस काउंटचे एक किलोमीटर सूत तराजूत घातले, तर त्याचे वजन किती भरेल? इचलकरंजीतल्या मुलांना हा प्रश्न अवघड वाटू नये. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी या गावात पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून सुताचा काउंट हा इथल्या घराघरातला शब्द झाला आहे. उत्तर आहे सुमारे १५ ग्रॅम. काउंट वाढत जाईल तसतसे सूत बारीक आणि हलके होते. म्हणजेच काउंट हे ‘एकक लांबीला वजन किती’ हे सांगण्याचे एक माप आहे.

आता बेस गिटारची सर्वांत जाड तार घ्या. तिच्या एका मीटरचे वजन सुमारे ३५ ग्रॅम असते. चाळीस काउंटचे जवळजवळ २.४ किलोमीटर सूत घ्यावे, तेव्हा या एक मीटर तारेची बरोबरी होते. वाद्याच्या तारेला एवढे वजन कशासाठी हवे? हे उलगडले, की एका व्यवहारातल्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. शाळेच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवायची इच्छा असलेल्या पुष्कळ मुलामुलींना ‘तुझा हात लहान आहे, हे वाद्य तुझे नव्हे’ असे सांगण्यात येते. हे खरे आहे काय?

तारेचे तीन नियम

ताणलेली तार छेडली की ती कंप पावते. एका सेकंदात ती जितकी कंपने करते ती तिची कंपनसंख्या. कंपनसंख्या कमी तर सूर खालचा, जास्त तर वरचा. मेरिन मर्सेन या फ्रेंच अभ्यासकाने १६३६ साली याविषयीचे तीन नियम ग्रंथात मांडले :

१. तारेची लांबी दुप्पट केली, तर कंपनसंख्या निम्मी होते.
२. कंपनसंख्या दुप्पट करायची, तर ताण चौपट करावा लागतो.
३. एकक लांबीचे वजन चौपट केले, तर कंपनसंख्या निम्मी होते.

तेव्हा खालचा सूर काढण्याचे मार्ग तीनच : तार लांब करा, ढिली करा किंवा वजनदार करा. प्रत्येक मार्गाला कुठेतरी हद्द आहे. तार फार लांब केली, तर हात पुरत नाही. फार ढिली केली, तर ती लोळते आणि सूर धरत नाही. नुसती जाड केली, तर ती तारेसारखी न वागता सळईसारखी वागू लागते. तिचे उपसूर मूळ सुराच्या नेमक्या दुप्पट, तिप्पट न राहता थोडे चढे होतात आणि आवाज बद्द येतो. म्हणून जाड तार एकाच धातूची ओढलेली नसते. पोलादी गाभ्यावर दुसरी बारीक तार वेटोळ्यांनी घट्ट गुंडाळतात. वेटोळ्यांमुळे वजन वाढते, पण तारेचा लवचिकपणा बराच टिकून राहतो.

मिरजेचा तंबोरा काय सांगतो?

हे नियम पाहायला परदेशी जाण्याचे कारण नाही. इचलकरंजीहून जवळच असलेल्या मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतार आणि तंबोरे तयार होतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी या व्यवसायाचा पाया घातला, आणि पुढे ‘सतारमेकर’ हेच त्यांच्या घराण्याचे आडनाव झाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांचाही मिरजेशी निकटचा संबंध होता. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्यापाशी शिकले ते मिरजेतच.

वाद्यांच्या दुकानात गेलात, तर तंबोरे निरनिराळ्या आकारांचे दिसतील. पुरुषांच्या खालच्या पट्टीसाठी मोठा, स्त्रियांच्या वरच्या पट्टीसाठी लहान, आणि प्रवासात नेण्यासाठी छोटी तंबोरी. काळी एक या पट्टीत लावलेल्या मोठ्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपने करते. जोडीच्या तारांची लांबी तीच असते, पण त्या पोलादाच्या आणि बारीक असतात. खर्जाची तार मात्र जाड आणि पितळेची असते, आणि पितळ पोलादापेक्षा जड आहे. लांबी बदलता येत नाही, म्हणून कारागीर वजन बदलतो. मर्सेनचा तिसरा नियम त्याच्या हातात मुरलेला आहे.

बेस गिटारची मापे

बेस गिटारच्या चार मोकळ्या तारा सेकंदाला सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ कंपने करतात. म्हणजे तंबोऱ्याचा खर्ज जिथे आहे, तिथून हे वाद्य आणखी खाली उतरते. पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात हे काम माणसाहून उंच अशा डबल बेसकडे असे. त्याची कंप पावणारी तार सुमारे १०५ सेंटिमीटर लांब असते. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ साली गळ्यात अडकवता येणारी, पडदे असलेली विजेची बेस गिटार बाजारात आणली. तिच्या तारेची लांबी त्यांनी ३४ इंच, म्हणजे ८६.४ सेंटिमीटर ठेवली, आणि तेच माप रूढ झाले.

पण ते एकमेव माप नव्हे. १९५० च्याच दशकात जर्मनीतील हॉफनर कंपनीने व्हायोलिनच्या आकाराची, आतून पोकळ अशी बेस गिटार काढली. तिची तार सुमारे ३० इंच, म्हणजे ७६.२ सेंटिमीटर. बीटल्स या वाद्यवृंदातील पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हँबुर्ग येथे ती विकत घेतली, आणि पुढे तिचा आवाज जगभर ऐकला गेला. आखूड तारेचे वाद्य म्हणजे मुलांचे खेळणे, हा समज त्यामुळे टिकत नाही.

आता हिशेब करू. सूर तोच आणि तार तीच ठेवून लांबी कमी केली, तर लागणारा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ३० ला ३४ ने भागून वर्ग केला की ०.७८ येतात. म्हणजे ताण सुमारे २२ टक्क्यांनी कमी! लांब वाद्यावर जाड तारेचा ताण १८ किलोग्रॅम वजनाइतका असेल, तर आखूड वाद्यावर तो १४ किलोग्रॅमच्या आसपास येतो. बोटाला तार दाबायला सोपी जाते, ती यामुळे.

दुसरा लाभ पडद्यांचा. दोन पडद्यांमधले अंतर तारेच्या लांबीच्या प्रमाणात असते. पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंतचे अंतर लांब वाद्यावर सुमारे १३ सेंटिमीटर, तर आखूड वाद्यावर साडेअकरा सेंटिमीटर भरते. दीड सेंटिमीटर ऐकायला थोडे वाटते, पण तेवढ्यासाठी मनगट वाकडे करून तासभर बसावे लागले की हात दुखू लागतो.

करून पाहा

कागदावर एक सरळ रेघ ओढा. तिच्यावर एका बिंदूपासून ११.५ आणि १३ सेंटिमीटरवर खुणा करा. डाव्या हाताची तर्जनी पहिल्या बिंदूवर ठेवा आणि करंगळी खुणेपर्यंत न्या. मनगट सरळ राहिले पाहिजे, आणि मधली दोन बोटे सैल राहिली पाहिजेत. १३ च्या खुणेवर हात ताणला जातो आणि ११.५ वर सहज पोचतो, असे दिसले तर आखूड तारेचे वाद्य तुमच्या हाताला योग्य. दोन्ही खुणा सहज गाठता आल्या, तर दोन्ही वाद्ये खुली आहेत. (जे डावखुरे आहेत त्यांनी उजवा हात घ्यावा.)

मिळते काय, जाते काय?

निसर्ग फुकट काही देत नाही. ताण कमी झाला की तार जास्त रुंद हेलकावे घेते, आणि जोराने छेडली तर पडद्यांवर आपटून खडखडते. सर्वांत जाड तारेचा सूर थोडा पसरट होतो. यावर उपाय दोन. पहिला, हलक्या हाताने वाजवणे. दुसरा, थोडी वजनदार तार लावणे. पूर्वीचा ताण पूर्णपणे परत आणायचा, तर एकक लांबीचे वजन सुमारे २८ टक्क्यांनी वाढवावे लागेल. पण मग जाडी वाढून तार सळईकडे झुकते. म्हणून वादक बहुधा मधला मार्ग पत्करतात. तारा घेताना मात्र त्या आखूड वाद्यासाठीच केलेल्या असाव्यात. लांब तार कापून बसवली आणि तिचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला गेला, तर वेटोळे सुटून तार निकामी होण्याचा संभव असतो.

दुकानात वाद्य पाहताना चार परीक्षा घ्याव्यात. पहिली, प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून हळू वाजवा आणि कुठे खडखड होते का ते ऐका. दुसरी, बारावा पडदा तारेच्या मध्यावर असतो. तिथे दाबलेला सूर मोकळ्या सुराच्या बरोबर वरच्या सप्तकातला आला पाहिजे. तिसरी, घरच्या वजनकाट्यावर आधी नुसते आणि मग वाद्य घेऊन उभे राहा. दोन वजनांतला फरक ते वाद्याचे वजन. लाकडी भरीव वाद्य चार किलोंच्या घरात जाते, आखूड आणि पोकळ वाद्य बरेच हलके असते. चौथी परीक्षा महत्त्वाची. वाद्य पट्ट्याने गळ्यात अडकवा आणि दोन्ही हात सोडा. मान खाली झुकली, तर वाजवताना डाव्या हाताला ती सतत उचलून धरावी लागेल. हा सी-सॉचाच नियम आहे. खुंट्यांचे वजन थोडे असले तरी ते आधारापासून दूर असते. पट्टाही रुंद घ्यावा. वजन तेच राहिले तरी क्षेत्रफळ दुप्पट झाले की खांद्यावरचा दाब निम्मा होतो.

ध्वनिवर्धक हलका कसा झाला?

भरीव बेस गिटारचा स्वतःचा आवाज अगदी क्षीण. पोलादी तारांखालच्या चुंबक-वेटोळ्यात तारेच्या कंपनाने दुबळा विद्युत्प्रवाह निर्माण होतो, आणि ध्वनिवर्धक तो मोठा करतो. १९६९ साली निघालेल्या अँपेग कंपनीच्या एका प्रसिद्ध ध्वनिवर्धकाचे वजन, कर्ण्याची पेटी सोडून, ३५ किलोंहून अधिक होते. आज तेवढ्याच शक्तीचा ध्वनिवर्धक दप्तरात मावतो. ही किमया तीन ठिकाणी घडली.

पहिली रोहित्रात. घरातली वीज सेकंदाला ५० फेऱ्या करते. एवढ्या संथ फेरीसाठी रोहित्राला लोखंडाचा मोठा गाभा लागतो. आता वीज आधी एकदिश करून, मग इलेक्ट्रॉनिक स्विचांनी तिच्या सेकंदाला लाखाच्या आसपास फेऱ्या करतात. प्रत्येक फेरीत थोडीशीच ऊर्जा पलीकडे न्यायची, म्हणून गाभा काडेपेटीएवढा पुरतो. जुना रेडिओ एलिमिनेटर आणि आजचा मोबाइलचा चार्जर हातात घेऊन पाहिलात, तर हा फरक लगेच कळेल.

दुसरी वर्धनाच्या रीतीत. जुन्या रीतीत ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखा काम करी. आडवलेली शक्ती उष्णतेत जाई, आणि ती घालवायला ॲल्युमिनियमचे जड पंखे लागत. नव्या रीतीत ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतो, नाहीतर पूर्ण बंद. सेकंदाला लाखो वेळा तो उघडमीट करतो. चालू राहण्याचा काळ किंचित कमीजास्त करून हव्या त्या आकाराची लहर मिळवतात, आणि शेवटी एक वेटोळे व धारित्र ती उघडमीट गाळून टाकते. पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद स्विचमध्ये उष्णता फारशी होत नाही. त्यामुळे घेतलेल्या विजेपैकी ९० टक्क्यांच्या आसपास उपयोगी पडते.

तिसरी कर्ण्याच्या चुंबकात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस जपानमध्ये आणि अमेरिकेत निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा चुंबक शोधण्यात आला. जुन्या फेराइट चुंबकाच्या मानाने अगदी थोड्या वजनात तो तेवढेच काम करतो.

कान पूर्ण करतो, ते चित्र

एक गोष्ट मात्र लहान करता येत नाही. ती म्हणजे हवा. कंपनसंख्या निम्मी झाली, की तेवढाच ध्वनिदाब निर्माण करण्यासाठी कर्ण्याला चौपट हवा ढकलावी लागते. मग आठ-दहा इंचांचा लहान कर्णा ४१ कंपनांचा सूर कसा ऐकवतो? खरे तर तो मूळ सूर फारसा ऐकवतच नाही! तारेतून ४१ बरोबर ८२, १२३, १६४ असे उपसूरही निघतात. कर्णा ते चांगले काढतो, आणि त्यांच्यातले ४१ चे समान अंतर ओळखून आपला मेंदू न ऐकलेला मूळ सूर जाणवून देतो. तंबोऱ्यातही उपसुरांचेच राज्य असते. घोडीच्या पसरट माथ्यामुळे त्याच्या तारेत उपसूर किती विपुल उमटतात, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली निबंध लिहिला होता.

म्हणून घरी किंवा वर्गात वाजवण्यासाठी ३० ते ५० वॅटचा हलका ध्वनिवर्धक पुरे. ड्रम्सच्या जोडीला रंगमंचावर मात्र २०० ते ३०० वॅट लागू शकतात. वॅटचा आकडा पाहून भुलू नका. शक्ती दुप्पट केल्याने आवाज जेमतेम थोडासा वाढल्यासारखा वाटतो. दुप्पट वाटण्यासाठी ती सुमारे दहापट करावी लागते.

दोन सूचना प्रत्येकाने पाळाव्यात. ध्वनिवर्धक तीन पिनांच्या प्लगवर आणि चांगले अर्थिंग असलेल्या जागीच लावा. गिटारच्या तारा त्याच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात, म्हणून ते तुटलेले असेल आणि यंत्रात बिघाड झाला, तर धक्का थेट बोटांना बसतो. आणि आवाज बेताचा ठेवा. माग दिवसरात्र खडखडणाऱ्या गावात कानांना आधीच पुष्कळ सोसावे लागते, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

तेव्हा ‘हात लहान आहे’ हे वाद्य सोडण्याचे कारण होत नाही. खालचा सूर लांबीवर जितका अवलंबून आहे, तितकाच वजनावर आणि ताणावरही आहे. वाद्याने माणसाच्या मापाचे व्हावे, हे मिरजेच्या कारागिरांनी लहान-मोठे तंबोरे करून केव्हाच दाखवले आहे.

सोडवा : ३२ इंच लांबीच्या मध्यम मापाच्या बेस गिटारवर तीच तार लावून तोच सूर मिळवला, तर ३४ इंचांच्या मानाने ताण किती टक्क्यांनी कमी होईल? (उत्तर : सुमारे ११ टक्के.)