राक्षसाचा सांधा आणि त्याचा रंग

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, वेस्ट हेम्पस्टेड इथे कारखाना असलेल्या ऑरोरा प्लास्टिक्स या कंपनीने 1961 मध्ये फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा जोडायचा संच बाजारात आणला. किंमत होती 98 सेंट. तोवर प्लास्टिकचे संच म्हणजे मुख्यतः विमाने, जहाजे आणि मोटारी. पण 1957 मध्ये युनिव्हर्सल कंपनीच्या जुन्या भयपटांचा गठ्ठा अमेरिकी दूरचित्रवाणीला विकला गेला होता, 1958 मध्ये ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हे मासिक निघाले होते आणि शाळकरी मुलांची एक अख्खी पिढी रात्री जागून हे चित्रपट पाहू लागली होती. संच हातोहात खपला. 1962 मध्ये ड्रॅक्युला आणि वुल्फमॅन आले. पाठोपाठ ममी, ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’मधला जलचर, किंग काँग, गॉडझिला आणि 1965 मध्ये फ्रँकेन्स्टाइनची वधू असा परिवार वाढत गेला. माणसासारख्या राक्षसांचे माप साधारण एकास आठ, म्हणजे सहा फुटी देह नऊ इंचांत. पुढे दुसऱ्या कंपन्यांनी हेच संच पुन्हा काढले आणि आजही जगभरचे हौशी कारागीर ते जोडतात, रंगवतात.

या कामातल्या बहुतेक अडचणींचे मूळ साच्यात आहे. संच पॉलिस्टायरिनचा असतो. हे प्लास्टिक तापवून, पातळ करून मोठ्या दाबाने पोलादी साच्याच्या दोन पाळ्यांमध्ये भरतात, थंड झाले की पाळ्या उघडतात आणि भाग बाहेर पडतो. पाळी सरळ मागे सरकते, त्यामुळे आतल्या बाजूला वळलेली घडी किंवा खाच साच्यात धरता येत नाही. ती धरली तर भाग साच्यातच अडकेल. म्हणून कोटाच्या चुण्या, लांडग्याचे केस, जलचराचे खवले आकृतीच्या समोर ठसठशीत असतात आणि कडेला सांध्याजवळ येताना पुसट होत जातात. जाड भागात प्लास्टिक थंड होताना आकसते, तिथे उथळ खळगा पडतो. साचा झिजला असेल तर कडेला पापुद्रा राहतो. संच हाती घेतल्यावर या तीन गोष्टी आधी शोधायच्या.

पहिले काम धुण्याचे. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलकट द्रव्याचा अंश प्लास्टिकवर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ टूथब्रश पुरतो. पाणी कढत नको, पातळ भाग वाकतात. वाळल्यावर भाग ते ज्या चौकटीला जोडून येतात तिच्या दांड्यांपासून सोडवायचे. ओढून किंवा पिरगाळून तोडले तर भागाचाच लचका निघतो. म्हणून निप्पर आधी थोडा लांब चालवून देठ ठेवायचा, मग तो धारदार पात्याने छाटून कानशीने सपाट करायचा. राहिलेला पापुद्रा पात्याची धार आडवी धरून खरवडला की निघतो.

यानंतर गोंदाशिवाय कोरडी जुळणी. धड, पाय आणि डोके बहुधा दोन अर्धांत येतात. ते रबरबँडने किंवा कागदी चिकटपट्टीने धरून उभे करून पाहिले की कुठे फट राहते, कोणता खुंटा भोकात पुरता बसत नाही आणि आकृती चौथऱ्यावर झुकते का, हे आताच कळते. कोणते भाग आधी चिकटवायचे आणि कोणते रंगवून मग जोडायचे, हेही इथेच ठरवावे. ड्रॅक्युलाचा झगा पाठीवर आधीच बसवला तर त्याचे अस्तर रंगवायला ब्रश आत जात नाही.

पॉलिस्टायरिनचा गोंद चिकटवण्यापेक्षा वितळवण्याचे काम करतो. त्यातला द्रावक दोन्ही कडांचे प्लास्टिक मऊ करतो, दोन्हीकडचे प्लास्टिक एकमेकांत मिसळते आणि द्रावक उडून गेल्यावर एकसंध तुकडा उरतो. नळीतला दाट गोंद मोठ्या, आतल्या कडांना ठीक. दिसणाऱ्या सांध्याला पाण्यासारखा पातळ गोंद बरा. भाग आधी जुळवून धरायचे आणि ब्रशचे टोक फटीला टेकवायचे, गोंद आपोआप फटीभर पसरतो. बोट मात्र फटीपासून दूर हवे. द्रव बोटाखाली शिरला तर ठसा कायमचा उमटतो.

सांधा नाहीसा करण्याची एक युक्ती जाणकार हटकून वापरतात. गोंद लावल्यावर काही सेकंद थांबून दोन्ही अर्ध जोराने दाबायचे. मऊ झालेल्या प्लास्टिकची बारीक वरवंडी फटीतून वर येते. ती पुसायची नाही. दोन दिवस पूर्ण वाळू द्यायची, मग कानस आणि पॉलिशपेपरने सपाट करायची. फट त्याच प्लास्टिकने भरलेली असल्यामुळे तिथे वेगळा पदार्थ उरत नाही. घाई केली तर द्रावक नंतर उडतो, प्लास्टिक बसते आणि रंगाखालून सांध्याची रेघ पुन्हा वर येते. पॉलिशपेपर 400 नंबरपासून सुरू करून 600 आणि 1000 पर्यंत न्यावा, तोही पाण्यात भिजवून. धूळ उडत नाही आणि ओरखडे बारीक राहतात.

रुंद फटीत लांबी भरावी लागते. दोन भाग मळून एकजीव करायची इपॉक्सी लांबी राक्षसांच्या संचाला विशेष उपयोगी, कारण ती कडक होईपर्यंत कोरता येते. भारतात हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे एम-सील याच जातीचे आहे आणि ओल्या बोटाने ते चांगले सारखे होते. सांधा घासताना कडेचे केस आणि खवलेही घासले जातात. साच्याने ते आधीच पुसट दिलेले असतात, त्यात पॉलिशपेपरने उरलेसुरले जातात. मग लांबीचा पातळ थर पसरून, ती मऊ असतानाच सुईच्या टोकाने लांडग्याचे केस ओढायचे, शेजारच्या केसांची दिशा पाहत, एकेक रेघ कमीजास्त लांबीची. सगळ्या रेघा सारख्या झाल्या तर तिथे कंगवा फिरवल्यासारखे दिसते आणि नजर नेमकी तिथेच जाते. संचाचा निम्मा वेळ या एका कामात जातो आणि तो जायलाच हवा. उत्तम रंगवलेल्या राक्षसाच्या बरगडीवरून सांध्याची रेघ गेली असेल तर रंगाचे सगळे कष्ट वाया जातात.

मग अस्तराचा हात. राखाडी प्रायमरचा पातळ थर रंगाला पकड देतो आणि राहिलेला प्रत्येक ओरखडा उघडा पाडतो. तो दिसला की पुन्हा पॉलिशपेपर, पुन्हा अस्तर. अनेक जण काळे अस्तर मारून, वरून तिरपा फिकट राखाडीचा फवारा देतात. एवढ्या लहान आकृतीवर खोलीतल्या उजेडाने पुरेशा सावल्या पडत नाहीत, म्हणून त्या रंगाने पाडाव्या लागतात. वरून फवारलेला फिकट रंग जिथे पोचला नाही ती सावलीची जागा, हा नकाशा पुढच्या सगळ्या थरांना वाट दाखवतो. फवारणी उघड्या खिडकीशी आणि द्रावकाची वाफ अडवणारा मास्क लावूनच करावी. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकर फवारले तर हवेतली ओल थरावर धरते आणि रंग पांढुरका पडतो, तेव्हा कोरड्या दिवसाची वाट पाहणेच शहाणपणाचे.

रंगाच्या बाबतीत हे राक्षस विमानांहून अगदी वेगळे. लढाऊ विमानाचा रंग कागदपत्रांत नोंदलेला असतो आणि तो चुकला की चुकला. 1931 चा ‘फ्रँकेन्स्टाइन’, 1932 चा ‘द ममी’, 1941 चा ‘द वुल्फमॅन’, 1954 चा ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ हे सगळे कृष्णधवल. पडद्यावर होता तो फक्त करड्याच्या छटांचा राक्षस. जॅक पिअर्स या रंगभूषाकाराने बोरिस कार्लॉफच्या चेहऱ्यावर हिरवट राखी लेप चढवला, तो कृष्णधवल फिल्मवर कातडी प्रेतासारखी फिकट दिसावी म्हणून. प्रेक्षकाला तो हिरवा दिसावा हा हेतूच नव्हता. मुलांच्या डोळ्यांत हिरवा राक्षस पक्का बसवण्यात ऑरोराच्या खोक्यांवरील जेम्स बामा यांच्या चित्रांचा वाटा मोठा आहे. गडद पार्श्वभूमीवर एका बाजूने पडलेला प्रखर उजेड आणि सावलीत बुडालेला अर्धा चेहरा, ही त्यांची पद्धत. रंगवणाऱ्यापुढे त्यामुळे तीन रस्ते असतात: चित्रपटाप्रमाणे करड्या छटा, बामांच्या चित्राचे रंग किंवा स्वतःचा विचार. तिन्ही योग्य आहेत, मात्र एकाच आकृतीत तिन्हींची सरमिसळ करू नये.

फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाची कातडी बाटलीतल्या हिरव्या रंगाने एकसारखी रंगवली तर तो खेळणे वाटतो. मूळ थर राखाडीकडे झुकणारा फिकट हिरवा असावा. सावलीत, म्हणजे गालफडाखाली, डोळ्यांच्या खोबणीत आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, हिरव्यात जांभळट तपकिरी मिसळावा. मृत मांसाचा भास या जांभळट छटेतून येतो, हिरव्यातून येत नाही. कपाळाचा माथा, नाकाचा दांडा आणि बोटांचे सांधे यांवर हस्तिदंती पिवळसर छटा द्यावी. कोट काळा असला तरी शुद्ध काळा वापरू नये, त्यात सावली दाखवायला जागाच उरत नाही. गडद निळसर राखाडीवर सुरुवात करून घड्यांच्या तळाशीच काळा ठेवावा. मानेतल्या विद्युताग्रांभोवती गंजाचा एक पातळ ओघळ पुरे.

मूळ रंग ॲक्रिलिकचा देऊन वर तेलरंगाचा वॉश देणे सोयीचे. गडद तपकिरी तेलरंग टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून पसरला की तो घड्यांत आणि खवल्यांच्या फटींत उतरतो. उंचवट्यावर राहिलेला टर्पेंटाइनच्याच ओल्या ब्रशने टिपून घ्यायचा. पुरत्या वाळलेल्या ॲक्रिलिकला टर्पेंटाइन सहसा धक्का लावत नाही, म्हणून मन भरेपर्यंत दुरुस्ती करता येते. यानंतर ड्रायब्रश: ब्रशवरचा फिकट रंग कागदावर जवळजवळ सगळा पुसून, कोरडा ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. ममीच्या पट्ट्यांना ही जोडी फार शोभते. जलचरावर मात्र ड्रायब्रश जपून वापरावा. त्याने कातडी खडूसारखी कोरडी दिसते आणि हा प्राणी तर पाण्यातून नुकताच वर आलेला असतो.

सगळ्यात अवघड डोळे. एकास आठ मापात डोळ्याची फट जेमतेम चार मिलीमीटर. पेणच्या मूर्तिशाळांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी ज्या सावधपणे कसबी हातांकडेच दिली जाते, तीच सावधगिरी इथेही हवी. बुबुळाभोवती शुद्ध पांढरा देऊ नये, फिकट राखी-पिवळट द्यावा. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली झाकलेला असावा, नाहीतर नजर दचकलेली वाटते. पापणीची कड काळ्याऐवजी गडद तपकिरी. दोन्ही डोळ्यांची नजर एकाच बिंदूवर पोचते का, हे आरशात उलटे पाहून तपासता येते, कारण सरावलेल्या डोळ्याला सुटलेला तिरळेपणा आरशात लगेच पकडला जातो. शेवटी बाहुलीवर उजेडाच्या बाजूला पांढरा सूक्ष्म ठिपका.

वार्निश जागेनुसार बदलते. कापड, दगड, माती यांना मॅट, कातडीला किंचित चमक असलेले, डोळे, ओठ आणि दात यांवर ग्लॉसचा थेंब. जलचराला सगळीकडे अर्धचमक द्यावी. 1969 मध्ये ऑरोराने अंधारात चमकणाऱ्या प्लास्टिकचे भाग असलेले संच काढले. ती चमक उजेड साठवून ठेवणाऱ्या पदार्थामुळे येते, आणि वर रंगाचा जाड थर बसला की ती मंदावते. असे भाग रंगवायचे असतील तर फक्त पातळ वॉश द्यावा.

चौथरा लोक घाईने उरकतात, ते बरोबर नाही. ऑरोराच्या बहुतेक राक्षसांना कबर, खडक, पडके खांब अशी जागा दिलेली असते आणि राक्षसाची उंची, वजन, चाल ही त्या जमिनीवरूनच कळते. चिखल बुटांच्या कडेलाही हवा. दगडाचा करडा रंग कातडीहून थंड ठेवला तर आकृती पुढे येते.

तयार आकृती थेट उन्हात ठेवू नये. प्लास्टिक पिवळे पडते आणि काही रंग उडतात. ज्यांना पहिला संच घ्यायचा आहे त्यांनी पोलर लाइट्स, मोबियस यांसारख्या कंपन्यांनी पुन्हा काढलेले संच घ्यावेत. 1960 च्या दशकातला, खोक्यात तसाच राहिलेला, न जोडलेला मूळ संच हाती आला तर त्याला निप्पर लावू नये. तसे फार थोडे उरले आहेत आणि संग्राहक ते जपून ठेवतात.